वारा पडला त्या रात्री: साक्री तालुक्यातल्या दहा गुंठे भाजीपाल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

खान्देशातल्या शेतकऱ्याला उन्हापासून पीक कसं वाचवायचं हे शिकवावं लागत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सावली, आच्छादन, पहाटेचं पाणी हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. थंडीचा सराव मात्र कुणालाच नाही. पीक जाईल अशा रात्री वर्षातून दोन-चार असतात, एखाद्या वर्षी एकही नसते. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागात दहिवर गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि खाली सपाटीवरचे लोक त्या कौतुकाने वाचतात. आपल्या वावरात असं काही होईल असं कुणाच्या मनात येत नाही.

हे प्रकरण साक्री तालुक्यातल्या, पांझरा नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. घरात भाऊ, वहिनी आणि भाऊंची आई, म्हणजे आजी. मोठं वावर कपाशी-मक्याचं, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर दहा गुंठे भाजीपाला. त्यात चार गुंठे टोमॅटो तारकाठीवर बांधलेला, तीन गुंठे भरताची वांगी, दोन गादीवाफ्यांवर उन्हाळी मिरचीची रोपं, आणि उरलेल्या जागेत लसूण, मेथी, कोथिंबीर, थोडा वाटाणा. मिरचीचं बी आणि टोमॅटोची रोपं माझ्या रोपवाटिकेतली होती. म्हणून तक्रारही माझ्याकडेच आली.

जमिनीचा उतार नाल्याकडे. वरच्या अंगाला घर, खालच्या अंगाला बांध. कपाशी उपटल्यावर सगळ्या पऱ्हाट्यांची गंजी भाऊंनी खालच्या बांधावर आडवी रचली होती. वर्षभराचं जळण, आणि रानडुकरांना आडही. ही गंजी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

काय घडलं

जानेवारीतली गोष्ट. उत्तरेकडे बर्फ पडला की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे उत्तरेचं कोरडं वारं सुटतं. तसं ते सुटलं. पहिली रात्र बोचऱ्या वाऱ्याची होती. शेकोट्या पेटल्या, गोठ्यात जनावरांवर बारदान पडलं. भाऊ रात्री दोनदा वावरात चक्कर मारून आले. सकाळी पिकाला काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा थांबला. आकाश काचेसारखं स्वच्छ. आजी म्हणाल्या, ‘वारा पडना ना, आते काई भेव नही.’ सगळ्यांनाच तसं वाटलं, कारण अंगाला थंडी कमी लागत होती. त्या रात्री कुणी वावरात गेलं नाही.

सकाळी आठला भाऊंचा फोन आला. ‘दादा, रोपांत रोग होता का? टोमॅटो एका रात्रीत करपला.’

मी पोचलो तोवर नऊ वाजले होते. खालच्या तीन सरींतली टोमॅटोची शेंड्याकडची पानं उकडलेल्या भाजीसारखी काळपट, लिबलिबीत होऊन लोंबत होती. मधल्या सरींत फक्त शेंडे गेले होते. वर घराकडच्या सरींना धक्का नव्हता. वांग्याची वरची पानं तांबूस पडलेली. लसूण आणि मेथी टवटवीत. मिरचीचे वाफे मधल्या पट्ट्यात होते. कडेची रोपं मान टाकून पडली होती, आतली उभी होती.

पहिला निर्णय चुकला होता

मी पोचायच्या आधीच भाऊंनी दुकानातून करप्याचं औषध आणि एक टॉनिक आणलं होतं. पंप भरून तयार होता. त्यांचा दोष नाही. पान काळं पडलं की करपा, हेच आपण सगळे वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. दुकानदारानेही पान न पाहता बाटली दिली.

करपा नाही हे मला सांगता आलं ते टोमॅटोकडे बघून नाही, तर बांधावरच्या एरंडाकडे बघून. एरंडाची पानंही तशीच काळी पडून लोंबत होती. टोमॅटोवरचा करपा एरंडावर जात नाही. शिवाय करपा ठिपक्याने सुरू होतो, चार-सहा दिवस पसरतो, दमट सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी दिसते. इथे सगळं एका रात्रीत, वरून खाली आणि उताराच्या खालच्या टोकाला सर्वांत जास्त झालं होतं. वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि शंका उरली नाही. भांडी घासायला त्या सकाळी मागे गेल्या तेव्हा कोपऱ्यातल्या थाळीतल्या पाण्यावर पापुद्रा होता. बोटाने दाबला तर काचेसारखा मोडला.

भाऊंना ते पटेना. ओसरीवर त्यांनी हौसेने लावलेला तापमापक होता आणि सकाळी सहाला तो ८ अंश दाखवत होता. आठ अंशांना पाणी गोठतं का, हा त्यांचा सवाल रास्त होता.

उत्तर असं: ओसरी म्हणजे भिंत, छप्पर आणि माणसांची ऊब. वावरात निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली दिवसाची उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहते. जमिनीलगतची हवा डोक्याइतक्या उंचीवरच्या हवेपेक्षा तीन-पाच अंशांनी थंड होते, आणि पान तर हवेपेक्षाही थोडं थंड असतं. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. वारा असतो तेव्हा तो वरची उबदार हवा खाली ढवळतो. म्हणून बोचऱ्या वाऱ्याच्या रात्री माणूस कुडकुडला तरी झाड वाचतं, आणि वारा पडलेल्या रात्री माणूस निवांत झोपतो तेव्हा झाड मरतं. सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला गैरसमज हा होता, पण ते वाक्य आजींच्या तोंडी होतं म्हणून त्या वेळी मी तो फार ताणला नाही.

औषध न मारण्याचा निर्णय झाला. पंपातलं पाणी रिकामं करताना भाऊंचा चेहरा बघण्यासारखा होता.

समोर काय पर्याय होते

हवामान खात्याच्या अंदाजात थंडीची लाट आणखी काही दिवस राहणार होती. तिसऱ्या रात्रीही वारा नसण्याची चिन्हं होती. आमच्याकडे एक दिवस होता.

धुराचा पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता. गावात जुना रिवाज आहे आणि सल्लापत्रकांतही धूर करा असं लिहिलेलं असतं. माझं मत वेगळं आहे. जमिनीतून निघून जाणारी उष्णता धुराचे बारीक कण फारशी अडवत नाहीत. धुरापेक्षा विस्तवाची ऊब उपयोगी पडते, तीही ठिकठिकाणी लहान लहान शेकोट्या असतील तर. एकच मोठी होळी केली तर गरम हवा सरळ वर जाते आणि बाजूची थंड हवा आत ओढली जाते. शिवाय शेजारी पऱ्हाट्यांची सुकी गंजी. रात्रभर ठिणगीवर लक्ष कोण ठेवणार?

पाण्याचा पर्याय चांगला होता, पण कोणत्या पद्धतीने द्यायचं यावर तासभर वाद झाला. टोमॅटोला ठिबक होतं. ठिबकने फक्त बुंध्याची वर्तुळं ओली होतात. उष्णता साठवायला सगळी जमीन वीतभर खोल ओली हवी, कारण ओली जमीन दिवसा ऊन जास्त धरते आणि रात्री खालची उष्णता वर पोचवते. कोरडी भुसभुशीत माती रजईसारखी असते, उष्णता खालीच अडकवून ठेवते. त्यासाठी पाटपाणी हवं होतं. आता शेतीपंपाला लागणाऱ्या तीन फेज विजेची पाळी बघा: त्या आठवड्यात वीज दिवसा होती, हे नशीब. रातपाळी असती तर मध्यरात्री पाणी धरायला जावं लागलं असतं, आणि त्या शिवारात बिबट्याचा वावर आहे. वांग्यासाठी जीव धोक्यात घालू नका, एवढं मी स्पष्ट बोललो असतो.

तुषार संचाचाही विषय निघाला. पाणी गोठताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यावर ही पद्धत चालते, हे खरं. पण मग बर्फ वितळेपर्यंत फवारा अखंड चालू ठेवावा लागतो. मध्येच वीज गेली तर ओल्या पानावरचं पाणी सुकताना त्याच्या कितीतरी पट उष्णता पानातूनच ओढून घेतं आणि झाड न भिजवलेल्यापेक्षा वाईट अवस्थेत जातं. आमच्या फीडरवर अखंड रात्रीची हमी वायरमनही देणार नाही. हा पर्याय पाच मिनिटांत सोडला.

उरलं झाकणं. कापड होतं मर्यादित: घरातली जुनी लुगडी-साड्या, दहा-बारा बारदानं, आणि भाऊंच्या शिरपूरकडच्या मेहुण्याने टरबुजावर वापरून झालेला क्रॉप कव्हरचा फाटका रोल. तेवढ्यात दहा गुंठे झाकणं शक्य नव्हतं.

काय झाकायचं: घरातला वाद

भाऊंना टोमॅटो झाकायचा होता, कारण पैसा त्यात गुंतला होता. वहिनींना वांगी आणि मिरची. त्यांचं म्हणणं असं की भरताचा हंगाम चालू आहे, धुळ्याहून दोघांनी शेतातल्या भरीत पार्टीसाठी वांगी सांगून ठेवलीत, आणि मिरचीची रोपं गेली तर फेब्रुवारीत लावायला काहीच नाही. टोमॅटोचं आजचं नुकसान दिसतं, मिरचीचं दोन महिन्यांनी दिसेल.

मी त्यांना पिकाऐवजी जागा धरून विचार करायला लावला. खालच्या तीन सरी गेल्यात, त्यांच्यावर कापड घालणं म्हणजे मेलेल्याला रजई. वरच्या सरी उतारामुळे आपोआप वाचल्या, त्यांनाही कापड नको. झाकून फरक पडेल तो मधला पट्टा: मिरचीचे वाफे, वांग्याचा अर्धा भाग, टोमॅटोच्या दोन सरी. तारकाठीवरचा टोमॅटो छातीइतका उंच, त्याला कापड फार लागतं. म्हणून टोमॅटोच्या या दोन सरींवरची पिकायला आलेली हिरवी फळं त्याच दिवशी तोडून घरात आडीला घालायची, आणि कापड वांगी-मिरचीकडे वळवायचं. दोघंही अर्धे नाराज झाले, त्यावरून मला वाटलं निर्णय बरोबर असावा.

लसूण, मेथी, कोथिंबीर यांना थंडी मानवते, त्यांची चर्चाच केली नाही. वाटाण्याची पानं टिकतात पण फुलं आणि कोवळ्या शेंगा मार खातात. वाटाणा थोडाच होता, सोडून दिला.

प्रत्यक्ष काय केलं

सकाळी अकरापासून पाटपाणी. त्याआधी एक गोष्ट उपटून काढावी लागली. वहिनींनी वांग्यात सोयाबीनच्या भुशाचं जाड आच्छादन केलं होतं. उन्हाळ्यासाठी ती उत्तम सवय, पण अशा रात्री तेच आच्छादन जमिनीची ऊब झाडापर्यंत येऊ देत नाही. भुसा ओढून सरीच्या एका कडेला केला. टोमॅटोत खुरपणी अर्धी झाली होती, ती थांबवली. नुकती खुरपलेली सैल माती पाणी देऊन बसवली.

मग गंजी. खालच्या बांधावर आडवी पसरलेली पऱ्हाट्यांची भिंत थंड हवेला धरणासारखी अडवत होती. वरून वाहत आलेली हवा तिथे तुंबायची आणि वाफ्यांवर चढायची. चौघांनी मिळून गंजीत सहा-सात फुटांच्या दोन वाटा केल्या, नाल्याकडे हवा उतरून जावी म्हणून. काढलेल्या पऱ्हाट्या वरच्या अंगाला, घराच्या बाजूने तिरप्या लावल्या, वरून येणारी हवा बाजूला वळावी म्हणून. दिवसभराच्या कामात सर्वांत जास्त घाम यात गेला, आणि पैसा एकही लागला नाही.

झाकण संध्याकाळी पाचला, ऊन असतानाच घातलं. झाकायचं ते जमिनीची ऊब आत कोंडायला. ऊब निघून गेल्यावर रात्री नऊला कापड टाकून उपयोग नसतो. काठ्या रोवून, कापड पानाला टेकणार नाही असं, कडा जमिनीपर्यंत आणून दगड ठेवले. साड्या मागितल्यावर आजी बोललेल्या वाक्याची अजून आठवण निघते: ‘मनं लुगडं वांगास्ले?’ (माझं लुगडं वांग्यांना?) पण दिली.

मिरचीच्या दुसऱ्या वाफ्याला कापड कमी पडलं. तिथे मी प्लास्टिकचा कागद टाकायला सांगितला, आणि काठ्या संपल्या म्हणून तो सरळ रोपांवर पसरला. ही माझी चूक.

रात्री एक तापमापक खालच्या कोपऱ्यात पानाच्या उंचीला, एक साडीखाली टांगला. ओसरीवरचा होताच.

परिणाम

पहाटे साडेसहाला ओसरीवर ७ अंश, खालच्या कोपऱ्यात १, साडीखाली ४. बांधाला केलेल्या वाटेत हात धरला तर गार हवा नाल्याकडे सरकताना जाणवत होती. आदल्या रात्रीच्या तुलनेत नुकसानीची रेघ जवळपास दोन सरी खाली सरकली होती. त्यातलं पाण्याचं किती, वाटांचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

साडी आणि क्रॉप कव्हरखालची वांगी वाचली. कापडाखालचा मिरचीचा वाफाही. प्लास्टिकच्या वाफ्यात जिथे कागद पानाला टेकला होता तिथे पान काळं. साधा पॉलिथिनचा कागद जमिनीतून निघणारी उष्णता बरीचशी जाऊ देतो, आणि टेकलेलं पान कागदाच्या थंडीलाच चिकटतं. हे मला माहीत होतं, घाईत विसरलो.

चौथ्या दिवशी आणखी एक फटका. वारा सुटला होता, भीती नव्हती, आणि घरातली सगळी एका हळदीला गेली. प्लास्टिक काढायचं राहिलं. दुपारी दीडला परत आले तेव्हा आतली रोपं वाफाळून कोमेजली होती. जानेवारीतही खान्देशातलं दुपारचं ऊन २५ अंशांच्या वर जातं. दुसऱ्या वाफ्यातली निम्मी रोपं थंडीने नाही, तर उष्णतेने गेली. सकाळी ऊन अंगावर आलं की झाकण काढायचं, हे काम एका माणसाच्या नावावर लावलं नव्हतं.

टोमॅटोच्या खालच्या तीन सरी भाऊंना लगेच छाटायच्या होत्या. आठ-दहा दिवस थांबायला सांगितलं, कारण मेलेला शेंडा खालच्या जिवंत फांदीला पुढच्या थंड रात्री थोडा आडोसा देतो, आणि फांदी कुठवर जिवंत आहे ते फुटवा आल्याशिवाय कळत नाही. फुटवा आला तो एकाच सरीत, तोही अशक्त. दोन सरी उपटल्या. तोडून ठेवलेली फळं आडीत पिकली, चवीला जरा बेताची, पण बाजारात गेली. वांग्याची भाजलेली वरची पानं फेब्रुवारीत छाटल्यावर खालून जोमदार फूट आली आणि खोडवा मार्चपर्यंत चालला. धुळ्याच्या दोन्ही पार्ट्यांना वांगी पुरली. ती वांगी पऱ्हाट्यांवरच भाजली गेली.

पुन्हा वेळ आली तर

सर्वांत मोठा बदल लागवडीच्या नकाशात हवा, साड्यांत नाही. खालच्या कोपऱ्यात लसूण, कांदा, मेथी, कोबी. वर घराकडे टोमॅटो आणि मिरचीचे वाफे. दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेकडच्या भिंतीलगत रोपं केली तर रात्री भिंतच त्यांना ऊब देते. या वर्षी वहिनींनी वाफे तिथेच केलेत.

खालच्या कोपऱ्यातला एक तापमापक ओसरीवरच्या दहा तापमापकांपेक्षा जास्त सांगतो. आजींनी त्यावर आपली पद्धत काढली आहे: थंडीत रोज रात्री बांधावर पाण्याची थाळी. तापमापक न वाचता येणाऱ्यालाही ती वाचता येते, फक्त ती सांगते तेव्हा सकाळ झालेली असते. म्हणून सूर्य कलताना वारा, आकाश आणि हवेचा कोरडेपणा बघण्याची सवय आम्ही जास्त धरली. वारा पडला, चांदण्या लखलखत आहेत, ओठ फुटले आहेत, तर पाचच्या आत झाकण.

मी स्वतः काय वेगळं करीन? पहिल्या सकाळी निदान समजावण्यात जो तास गेला तो पाणी सुरू करून घालवला असता तर पाटपाणी अकराऐवजी दहाला सुटलं असतं. आणि काठ्या संपल्या तेव्हा प्लास्टिक टाकण्यापेक्षा बाजरीचं सरमड तिरपं उभं केलं असतं.

गंजीतल्या वाटांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हवा ज्या वाटेने बाहेर गेली त्याच वाटेने फेब्रुवारीत रानडुकरं आत आली आणि लसणाचे तीन वाफे उकरून गेली. हवा जाईल आणि डुक्कर येणार नाही अशी तारेची जाळी हवी. तिचा खर्च भाजीपाल्याच्या हिशेबात धरायचा की कपाशीच्या, यावर भाऊ आणि वहिनींचं अजून एकमत झालेलं नाही.